वाऱ्याचं ऐकणारा गोंडोला

काश्मिरातल्या गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, अंगाने लहानखुरा आहे. सहा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच त्याची एकेक पेटी. स्थानकात आली तरी ती पुरती थांबत नाही. तिच्या चालीने दोन पावलं टाकायची आणि आत शिरायचं. आयुष्यभर हिंगोलीच्या सपाट रानात वावरलेल्या बाईचा हात इथे सुनेच्या दंडावर घट्ट बसतो. पण एकदा स्थानक सुटलं की गोंडोला फार सौम्य होतो. खांब आला की डोक्यावर चाकं खडखडतात, पेटी जराशी हलते, मग पुन्हा शांतता. खाली फरच्या झाडांचे शेंडे, मधूनच गुज्जर मेंढपाळांची मातीच्या छपराची घरं. हिवाळ्यात ती छपरापर्यंत बर्फात बुडालेली असतात, माणसं आणि जनावरं खाली उतरलेली असतात.

त्याचा जन्म सुखासुखी झाला नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीकडे काम आलं, पुढे खोऱ्यात बंदुका बोलू लागल्या आणि काम थांबलं. पहिला टप्पा सुरू व्हायला १९९८ उजाडलं, दुसऱ्याला २००५. या दोन टप्प्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. पहिला २,६५० मीटरवरच्या गुलमर्गहून कोंगदूरीला नेतो, साधारण तीन हजार मीटरवर. तो सगळ्यांना सामावून घेणारा आहे. दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर चढतो. तिथे हवेचा दाब इतका उतरतो की एका श्वासात आपल्याकडच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. दमा, हृदयविकार किंवा चढा रक्तदाब असलेल्याने कोंगदूरीलाच थांबावं. एवढं तिकीट काढलंय म्हणून वर जायचंच, हा हिशेब त्या उंचीवर चालत नाही.

गोंडोलाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे तो वाऱ्याचं ऐकतो. अफरवटवर वारा वाढला की दुसरा टप्पा बंद. कधी सकाळी उघडून दुपारी बंद, कधी दिवसभर बंद. रस्त्याने दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापून आलेल्या कुटुंबाला हे झोंबतं. मुलं रडवेली होतात, वडील खिडकीवरच्या माणसाशी वाद घालतात. त्यांचा राग मला कळतो. वर्षभराची शिल्लक या सहलीत ओतलेली असते, दोन्ही टप्प्यांचं तिकीटच माणशी दीड हजारांच्या वर जातं. पण २५ जून २०१७ हा दिवसही माहीत असायला हवा. त्या दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यात एक झाड उन्मळून रोपवेच्या तारेवर पडलं, पेटी खाली कोसळली आणि सात जण गेले. दिल्लीचं चौघांचं एक कुटुंब त्यात होतं आणि तिघे तिथलेच होते. तेव्हापासून ‘आज बंद’ अशी पाटी दिसली की मला ती कुणीतरी आपली काळजी घेतल्यासारखी वाटते.

आपली मराठी कुटुंबं या गोंडोलाकडे जातात ती मे महिन्यात. शाळेची सुट्टी तेव्हाच असते आणि हिंगोलीचं ऊन तेव्हाच असह्य होतं. मात्र मेमध्ये गुलमर्गच्या मैदानात हिरवळ असते, बर्फ उरतो तो वरच्या टप्प्याला. त्यामुळे सगळी गर्दी त्या एकाच तारेवर लोटते आणि वर पोचल्यावर पायाखाली तुडवलेला, मळलेला बर्फ येतो. खरा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत, आपल्या मुलांच्या परीक्षा तोंडावर असताना. त्या दिवसांत मुलांना वर न्यायचीही गरज पडत नाही. स्थानकाजवळच्या सौम्य उतारांवर नवशिका पहिल्यांदा पडतो, उठतो, पुन्हा पडतो. इथे स्कीइंग जुनं आहे. स्की क्लब ऑफ इंडिया १९२७ सालचा, सरकारी प्रशिक्षण संस्थाही अर्धशतक ओलांडलेली. याच उतारांवर वाढलेला आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. सुट्टीच्या वेळापत्रकापायी आपली मुलं हे सारं न बघता फक्त मळका बर्फ बघून परततात, याची मला खंत वाटते.

आणि हिवाळ्याचीही आता खात्री उरलेली नाही. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलां’ म्हणतात. या दिवसांतला बर्फ घट्ट बसतो, उन्हाळाभर झरे आणि सफरचंदाच्या बागा पोसतो. नंतर पडलेला लवकर वितळून वाहून जातो. मृग कोरडा गेला की सोयाबीनच्या पेरणीचं काय होतं, हे हिंगोलीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. काश्मिरी माणसाचं चिल्लई कलांशी तेच नातं आहे. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग तपकिरी पडलं होतं. २०२५च्या फेब्रुवारीत बर्फच नसल्याने खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा मार्चवर ढकलाव्या लागल्या. बर्फ नसला तरी गोंडोला माणसांना वर नेतच राहतो. पण खाली स्लेज ओढणारा, बूट भाड्याने देणारा, स्की शिकवणारा, पायथ्याच्या टंगमर्गचा माणूस रिकामा बसतो.

बर्फाच्या काळजीत भीतीची भर पडली. २०२५च्याच २२ एप्रिलला पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातले होते. त्यानंतर कुणाला तिकडे जावंसं वाटलं नाही तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पुढे जूनमध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावू लागली. अंतर कमी झालं, मनातली भीती त्या वेगाने कमी होणार नव्हती. ज्याने त्याने हा निर्णय आपल्या घरात बसून, सध्याची परिस्थिती विचारून घ्यावा.

जायचं ठरलंच, तर माझं एवढंच सांगणं. गुलमर्गला एका दिवसात उरकू नका, तिथे दोन रात्री तरी राहा, म्हणजे एक दिवस वाऱ्याने नेला तरी दुसरा हाती राहतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा, आयत्या वेळी खिडकीवर मिळेल असं धरून चालू नका. कोट-बुटांचं भाडं आणि वाटाड्याचे पैसे निघण्याआधी बोलून घ्या, पण स्लेज ओढणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. चढावर आपलं सगळं वजन तो ओढत असतो. आई सोबत असेल तर तिला कोंगदूरीपर्यंत न्या. तिथे गरम कहवा मिळतो, समोर अफरवट दिसतो आणि परतीची पेटी पंधरा मिनिटांच्या आत तिला खाली आणून सोडते.