भुसा आणि धूळ





शाळेच्या पत्रिकेत प्राचार्यांनी लिहायचे ते निकाल, स्नेहसंमेलन आणि शिस्त यांवर, असा आपला शिरस्ता आहे. या वेळी मी सुतारकामाच्या वर्गातील एका पाइपाविषयी लिहिणार आहे. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आली ती आजीच्या स्वयंपाकघरातून. तेव्हा लिखाणात कुठे हिंदीची छटा दिसली तर आपण इंदूरकरांनी ती आपलीच समजावी.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ काम शिकावे, असे सुचवले आहे. ते वाचून आपण अनेक वर्षे बंद असलेला सुतारकामाचा वर्ग उघडला. मिस्त्रीकाका शिकवायला आले. सुरुवातीला सगळे काम हातकरवतीवर चालत असे. गेल्या वर्षी संस्थेने माइटर सॉ घेऊन दिला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. टेबलावर बसवलेली ही विजेची करवत असते. तिला दहा इंची गोल पाते असते. दांडा खाली ओढला की पाते लाकडात उतरते. पाते दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत फिरवता येते, त्यामुळे तसबिरीच्या चौकटीचे कोपरे बिनचूक जुळतात. मुले या यंत्राला हात लावत नाहीत. ती पिवळ्या रेषेमागे उभी राहून बघतात आणि कापण्याचे काम फक्त काका करतात. यंत्र आले त्या दिवशी आपण नारळ फोडला, फोटो काढला. त्या फोटोत मी सर्वांत पुढे आहे, हे आज कबूल केले पाहिजे.

सप्टेंबर महिन्यात आठवीतील एका मुलीची आई मला भेटायला आली. मुलीला दम्याचा त्रास आहे. आई म्हणाली, "मॅडम, शिबिराचे दहाही दिवस ती वर्गाबाहेर पायरीवर बसून होती. आत गेले की छाती भरून येते म्हणते. मशीन नवीन आहे ना? मग तिचा भुसा कुठे जातो?"

मी त्यांना समजावले, "मशीनला मागे पिशवी आहे, त्यात जातो. शिवाय रोज संध्याकाळी झाडलोट होते. तुम्ही फरशी बघा, किती स्वच्छ असते." आपले शहर २०१७ पासून सलग कितीतरी वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले. फरशी स्वच्छ दिसली की सगळे स्वच्छ, अशी सवय माझ्या डोळ्यांनाही लागली होती.

पण त्यांचा प्रश्न मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी मी वर्गात गेले. भिंतीवर सात फुटांवर विश्वकर्म्याची तसबीर आहे. १७ तारखेच्या पूजेला तिची काच मी स्वतः ओल्या फडक्याने पुसली होती. मध्ये दोनच दिवस काम झाले होते. स्टुलावर चढून काचेवर बोट फिरवले, तर बोटाची रेघ स्पष्ट उमटली. करवतीचा भुसा सात फूट वर चढत नाही. तो जड असतो, खाली पडतो. मग हे काय होते?

मिस्त्रीकाकांना विचारले. ते खोकत खोकतच हसले. "मॅडम, लकड़ी का काम है, बुरादा तो उड़ेगा ही."

हिंदीत मीही सगळ्याला बुरादाच म्हणत आले. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, भुसा आणि धूळ, आणि इथे ते वेगळे ठेवले पाहिजेत. भुसा दिसतो, खाली पडतो, झाडता येतो. धूळ इतकी बारीक असते की काम थांबल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि श्वासाबरोबर नाकात, छातीत जाते. आपण रोज संध्याकाळी कोरड्या झाडूने भुसा गोळा करत होतो आणि तसे करताना खाली बसलेली धूळ पुन्हा वर उडवत होतो. माझ्या स्वच्छ फरशीची किंमत ती मुलगी पायरीवर बसून देत होती.

मग मी थोडे वाचले. सागवान आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या त्वचेला, नाकाला त्रास होतो. एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर त्यात मिसळलेला चिकट राळेचा अंशही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षे या धुळीत काम करणाऱ्यांना असतो. पालकांनी घाबरून जावे म्हणून मी हे लिहीत नाही. पण असे वर्षानुवर्षे काम केलेले एक गृहस्थ आपल्याच वर्गात रोज खोकत उभे होते आणि त्यांना मी एकदाही काही विचारले नव्हते.

मी माइटर सॉ बंद ठेवला. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत धूळ ओढणाऱ्या यंत्राची मागणी मांडली. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "म्हणजे मशीनइतकाच खर्च पुन्हा, आणि तोही कचरा ओढायला?" प्रश्न योग्यच होता. मी म्हणाले, "होय. मशीन घेतानाच तो धरायला हवा होता, ती चूक माझी." फाटकाचे रंगकाम एक वर्ष पुढे ढकलायचे ठरले. मंडळाची मी आभारी आहे.

सियागंजातून डस्ट कलेक्टर आला. त्याला चार इंची, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटरचा पाइप लागतो. माइटर सॉच्या मागचे तोंड जेमतेम ३८ मिलिमीटरचे. आम्ही मध्ये रिड्यूसर लावून दोन्ही जोडले आणि खटका दाबला. आवाज मोठा झाला, पण धूळ पूर्वीसारखीच उडाली. माझा चेहरा पडला.

इथे दहावीची मुले कामाला आली. त्यांनी दोन्ही तोंडांचे क्षेत्रफळ काढले. एका त्रिज्येचा वर्ग २५००, दुसऱ्या त्रिज्येचा ३६१. मोठे तोंड लहान तोंडाच्या जवळजवळ सातपट. विज्ञानाच्या बाईंनी पुढचे समजावले. डस्ट कलेक्टर म्हणजे स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याचा मोठा भाऊ. तो भरपूर हवा हलवतो, पण त्याचा ओढण्याचा जोर कमी असतो. त्याच्यापुढे अरुंद तोंड ठेवले की तो गुदमरतो. व्हॅक्यूम क्लीनर याच्या उलट, थोडीच हवा ओढतो पण जोराने. बारीक तोंडाला व्हॅक्यूम हवा आणि रुंद तोंडाला डस्ट कलेक्टर.

दुसरी अडचण करवतीच्या स्वभावातच आहे. पाते धूळ मागे फेकते, आणि पात्याचा कोन बदलला की फेकण्याची दिशाही बदलते. मागच्या छोट्या तोंडात त्यातली काहीच धूळ सापडते. म्हणून नववीच्या मुलांनी करवतीच्या मागे प्लायवुडचा तीन बाजूंनी बंद खोका बनवला. पाते ४५ अंशांत दोन्ही बाजूंना फिरवल्यावर यंत्राचा मागचा भाग कुठवर येतो, ते त्यांनी आधी कागदावर आखून घेतले. हा आराखडा पायरीवर बसणाऱ्या मुलीने काढला. मशीन बंद असताना, मास्क लावून, आईच्या परवानगीने तिने आत येऊन मापे घेतली.

आता खोक्याच्या तळाशी डस्ट कलेक्टरचा मोठा पाइप आहे आणि मशीनच्या तोंडाला बारीक गाळणीचा व्हॅक्यूम. पाइप जितका आखूड आणि सरळ, तितकी ओढ चांगली, म्हणून करवतच भिंतीजवळ आणली. वळण घ्यायचे तिथे काटकोनी एल्बो न लावता ४५ अंशांचे दोन तुकडे लावले. चुण्यांचा लवचीक पाइप हवेला अडवतो, तो फक्त शेवटच्या हातभर अंतरात वापरला. कलेक्टर भिंतीपलीकडे पत्र्याच्या शेडखाली ठेवला, वर्गांच्या खिडक्यांपासून दूर. त्याच्या कापडी पिशवीतून थोडी धूळ निसटली तरी ती मुलांच्या खोलीत परत येत नाही. काम चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवतो. हवा बाहेर ओढायची तर आत यायलाही वाट हवी. खिळे आणि लोखंडाचे तुकडे मात्र पाइपात जाऊ द्यायचे नाहीत. पंख्यावर आदळून ठिणगी उडाली तर पिशवीतला भुसा पेटू शकतो.

नंतर आम्ही परीक्षा घेतली. खिडकीवर काळा कागद लावला, दिवे घालवले, टॉर्चचा झोत करवतीवर सोडला. आधी काहीही न जोडता एक तुकडा कापला. झोतात जे दिसले ते पाहून मुले गप्प झाली. थोड्या वेळाने दोन्ही यंत्रे लावून दुसरा तुकडा कापला. धूळ पूर्ण गेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. माइटर सॉची सगळी धूळ पकडणे फार कठीण असते. पण फरक शेवटच्या रांगेतूनही दिसत होता. उरलेल्या धुळीसाठी मास्क सक्तीचा आहे. कोरडा झाडू आणि ब्लोअर वर्गातून हद्दपार झाले. आता फडके ओले असते.

मिस्त्रीकाकांना आग्रहाने छातीच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सांगितले की झालेले नुकसान पूर्ण भरून येणार नाही, पण पुढचे थांबवता येईल. बिडी बंद, मास्क चालू. परतताना रिक्षात काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालीस साल में किसी ने पूछा ही नहीं, मैडम." मला उत्तर सुचले नाही, कारण न विचारणाऱ्यांत वर्षभर मीही होते.

पालकांना एक विनंती. तुमच्या घरी फर्निचरचे काम निघाले, तर प्लायवुड कापायला गच्ची किंवा अंगण द्या. घरातले लहान मूल तिथून दूर ठेवा. संध्याकाळी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. कारागिराला चहाबरोबर एक चांगला मास्कही द्या आणि तो लावला का, ते बघा.

जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या वेळी मुलांनी केलेल्या चौकटींचे प्रदर्शन भरेल. सुतारकामाचा वर्गही सर्वांना पाहण्यासाठी खुला राहील. ती मुलगी आता आत बसते, खिडकीजवळ, मास्क लावून. कधी त्रास वाटला तर बाहेर येते. तिने केलेल्या चौकटीचा एक कोपरा किंचित उघडा राहिला आहे. काका तो पुन्हा कापून देणार होते, पण तिने हातकरवतीने स्वतः करायचे ठरवले आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
प्राचार्या