देवघराची भिंत

आदिलाबादेतील आमचे घर निजामी अमदानीतले. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, चुन्याची दर्जबंदी, पाया काळ्या कपाशीच्या जमिनीत. कोकणच्या मानाने येथे निम्माही पाऊस पडत नाही. त्यामुळे ओलीची धास्ती ही समुद्राकाठच्या आप्तांची, आमची नव्हे, अशी आमची समजूत होती. तीन वर्षांमागे श्रावणात देवघरात कुबट वास येऊ लागला. तसबिरी उतरवल्या, तो मागे काळ्या-हिरव्या बुरशीचे थर. पोथ्यांच्या रुमालांचीही तीच कळा. त्याच सुमारास आत्याबाईंना पहाटे खोकल्याची उबळ येऊ लागली. नित्यपूजा त्यांच्याकडे. त्या भिंतीलगत त्या रोज तास-दीड तास बसत.

आम्ही एका गुत्तेदारास बोलावले. त्याने भिंतीवर हात फिरवून दर सांगितला आणि निम्मी उचल घेतली. भिंत कोरडीच खरवडली, ब्लीचिंगचे पाणी मारले, वर डिस्टेंपरचे दोन हात दिले. धूळ घरभर उडाली आणि त्या आठवड्यात आत्याबाईंचा खोकला बळावला. काम नीट झाले का, हे आम्ही विचारले तेही त्यालाच! त्याने ‘उत्तम झाले’ म्हणून सांगितले, आम्ही पैसे चुकते केले. दिवाळीपूर्वीच ठिपके पुन्हा उमटले. मात्र त्याला लबाड म्हणवत नाही. आम्ही भिंत पांढरी करून मागितली होती. कोरडी करून मागितलीच नव्हती.

मग थोडे वाचन केले. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. हवेत बुरशी अमुक इतकी असली तर चालेल, असा आकडा तीत दिलेला नाही. सांगितले आहे ते ओल हटवायला. शिवाय मेलेल्या बुरशीचे कणही छातीला बाधतात. म्हणजे औषध मारून तिच्यावर रंग चढवणे हा उपाय नव्हेच.

दुसरे गवंडी पैनगंगेपलीकडचे, वयोवृद्ध. त्यांनी पहिला तासभर देवघरात पाऊलच टाकले नाही. पन्हाळ पाहिली, मागची गल्ली पाहिली. रस्त्यावर थरावर थर पडून तो आमच्या जोत्याहून वर गेला होता. पावसाचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरत होते. त्यातच मजबुतीच्या हौसेने आम्ही पूर्वी आतबाहेर सिमेंटचा गिलावा करवला होता. चुन्याच्या भिंतीतून ओल निघून जाते; सिमेंटने तिची वाट अडली, तशी ती वर चढली. डिस्टेंपरमधील सरसाने बुरशीला अन्नच मिळाले. (ती हौस आमची, दोष कोणास द्यावा?)

या वेळी कागद केला. गल्लीकडे पाणी वाहून नेणारी मोरी बांधायची. सिमेंट छातीइतक्या उंचीपर्यंत काढायचे, पण आधी भिजवून. दाराला ताडपत्री लावायची. राडारोडा पोत्यांत बांधून बाहेर न्यायचा. चुन्याचा गिलावा करायचा, वर साधी सफेदी. चौथा हिस्सा रक्कम पुढील श्रावण पाहून द्यायची. ही अट घालताना आम्हांस संकोच वाटला. गवंडीबुवा मात्र म्हणाले, “परीक्षा पाऊस घेईल. मी माझ्या कामाला कसा पास करू?”

पारख आमच्या भाच्याने शिकवली. हातभर प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी भिंतीला घट्ट चिकटवायचा. दोन दिवसांनी भिंतीच्या बाजूस दव दिसले तर पाणी भिंतीतले. वरच्या बाजूस दिसले तर खोलीच्या हवेतले. कामाआधी आतून थेंब ओघळत होते. गिलाव्यानंतरही चार महिने दिसतच राहिले आणि आमचा धीर सुटत चालला. जाड भिंत सावकाशच वाळते, हे गवंडीबुवांनी आधीच बजावले होते.

गेल्या श्रावणात सलग चार दिवस झड लागली. तीन चौकोन चिकटवले. दोन कोरडे निघाले. उंबऱ्याजवळच्या तिसऱ्यात थेंब. गवंडीबुवा निरोप मिळताच आले, मोरीची फट शोधून बुजवली आणि पैशाचा शब्द न काढता परतले. भाद्रपदात तोही चौकोन कोरडा निघाला. राहिलेली रक्कम आम्ही स्वतः त्यांच्या गावी नेऊन दिली.

आत्याबाईंचा खोकला पुष्कळ उतरला आहे. सगळेच श्रेय भिंतीला देऊ नका, असे डॉक्टर म्हणतात, वय सत्तरीपुढचे. त्या मात्र रोज पहाटे निरांजन लावण्यापूर्वी तळहात भिंतीवर टेकवतात, क्षणभर थांबतात, मगच पाटावर बसतात.