आधी कार्ड, मग पैसे

पोस्टाच्या बचत खात्यांच्या खिडकीवर माझी सगळी नोकरी गेली. महिन्याला शंभर रुपयांची आवर्ती ठेव भरायला एसटीने गावाहून येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. व्याज म्हणजे आपल्याला मिळायची गोष्ट, हेच डोक्यात पक्कं बसलेलं. माझ्या एकतीस वर्षांच्या मुलाच्या चार क्रेडिट कार्डांवर मिळून सहा लाख चाळीस हजारांचं देणं झालंय, हे मला वसुलीवाल्याच्या फोनवरून कळलं.

मुलगा पुण्यात एका जाहिरात संस्थेत होता. आधी नोकरी गेली, पाठोपाठ ठरलेलं लग्न मोडलं. फोनवर तो "ठीक आहे आई" एवढंच म्हणायचा. खोलीचं भाडं ॲपवरून कार्डाने, एका कार्डाचं बिल दुसऱ्याने, आणि रात्र रात्र झोप नसली की मागवत राहायच्या वस्तू. त्याला मी साताऱ्याला माझ्या घरी घेऊन आले तेव्हा सामानात न उघडलेली खोकी होती. एकात चांगला टेबललॅम्प, एकात धावायचे बूट. का घेतले, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

माझा थोरला भाऊ त्याच आठवड्यात आला. दादाचं म्हणणं सरळ होतं, "तुझी ठेव मोड आणि भरून टाक एकदाचं." हिशेबाने त्याची चूक नव्हती. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मला वर्षाला ८.२ टक्के मिळतात आणि मुलाच्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के लागत होते, म्हणजे वर्षाला बेचाळीस. कुठलाही व्यवहारी माणूस ठेव मोडा म्हणूनच सांगेल. तरीही मी नाही म्हटलं, आणि त्यावरून दादा बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होता.

नाही म्हणण्याचं कारण कार्डाच्या रचनेतच आहे. घरासाठी काढलेलं कर्ज फेडलं की ते संपतं. कार्डाचं बिल भरलं की लिमिट पुन्हा मोकळं होतं. सहा लाख भरले असते तर त्याच रात्री, त्याच मनःस्थितीत, मुलाच्या हातात सहा लाख पुन्हा खर्चायला तयार झाले असते. आईबाप सगळी पुंजी ओततात आणि वर्षभरात पोरगं पुन्हा तिथेच येतं, ते बहुतेक यामुळे. त्यात त्याचा लबाडपणा असतोच असं नाही. म्हणून माझा क्रम ठरला: आधी डॉक्टर, मग कार्डं, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला नेलं. नैराश्याचं निदान झालं, औषधं सुरू झाली. रात्रीची खरेदी आणि ती झोपमोड एकाच दुखण्याची अंगं आहेत, असं डॉक्टरांनी त्याच्यासमोर सांगितलं. ते ऐकून त्याचे खांदे जरा सैल झाले, मला दिसलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांनीच दिला. तो रात्रीअपरात्रीही लागतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. फ्रिजवर तो कागद मी चिकटवला. कर्जात अडकलेल्या मुलाच्या बाबतीत सगळे आकड्यांचं विचारतात, तो झोपतो का हे कुणी विचारत नाही. माझ्या मते ते पहिलं विचारावं.

औषधं जरा लागू पडल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. स्टेटमेंटं त्याच्या ईमेलवर तशीच पडून होती. फाइल उघडायला त्याच्या नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख टाकावी लागते. टाकताना त्याचा हात थरथरत होता. मी लांब वहीत रकाने आखले: कार्ड, थकलेली रक्कम, महिन्याचं व्याज, शेवटचा भरणा, किती दिवस थकलं. एक लाखाचं गणित मी त्याला मांडून दाखवलं. साडेतीन टक्क्यांनी व्याज ३,५००. त्यावर अठरा टक्के जीएसटी, ६३०. झाले ४,१३०. 'मिनिमम ड्यू' पाच टक्के धरला तर ५,०००. म्हणजे पाच हजार भरून कर्ज कमी होणार फक्त ८७० रुपयांनी, तेही एक रुपयाची नवी खरेदी केली नाही तर. तो दोन वर्षं मिनिमम भरत होता आणि आपण भरतोय या समाधानात होता. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे स्टेटमेंटवर छापलेला असतो. खाली, बारीक अक्षरात. 'मिनिमम' हा आकडा मात्र वर, ठळक. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. वर्षाला तीस टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तेव्हा वरून कुणी लगाम घालेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

देणं बाकी असताना कार्ड बंद करून मिळत नाही. पण ते ब्लॉक करता येतं, ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन व्यवहार बंद करता येतात, लिमिट कमी करायला सांगता येतं. चारही कार्डांचं हे त्याने स्वतः केलं. मी नुसती शेजारी बसले होते. खरेदीच्या ॲपांत साठवलेले कार्डांचे नंबरही त्याने एकेक करून काढले.

फोनही तोच करायचा. बँकेशी काय बोलायचं ते आधी वहीत लिहायचा. पहिल्या फोनला त्याचा आवाज फुटेना, मी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "माझी नोकरी गेली आहे, उपचार चालू आहेत, मला भरायचं आहे, हप्ते करून द्या," एवढं तो बोलला. एक लाख दहा हजार आणि एक लाख साठ हजार बाकी असलेली दोन कार्डं अजून फार थकलेली नव्हती. त्यांचे कमी व्याजाचे हप्ते बांधून मिळाले.

वसुलीवाल्यांचा जाच वेगळाच. रात्री नऊला फोन, "काकू, पोलीस घरी येतील, शेजाऱ्यांना कळेल." एक फोन दादालाही गेला. कार्डाचं बिल थकलं, एवढ्यावरून कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. बँकेला दिवाणी मार्गानेच जावं लागतं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा स्पष्ट आदेश आहे. मी प्रत्येक फोनची वेळ, नंबर आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत टिपलं. मुलाने ते सगळं बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने पाठवलं. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, हेही लिहिलं. ती वेळ आली नाही. रात्रीचे फोन थांबले.

तिसऱ्या कार्डाचे एक लाख ऐंशी हजार फार दिवस थकलेले. तिथून सेटलमेंटचा प्रस्ताव आला, पंच्याण्णव हजारांचा. वसुलीवाला म्हणाला, आत्ता माझ्या नंबरवर टाका, पत्र मागाहून देतो. मुलाने नकार दिला. बँकेच्या अधिकृत ईमेलवरून रक्कम, तारीख आणि 'यानंतर देणं उरणार नाही' असं लेखी आल्यावरच त्याने मोटारसायकल विकून पैसे भरले, तेही थेट कार्डाच्या खात्यात. सेटलमेंट केली की सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि पुढे कर्ज मिळायला तो आडवा येतो. हे माहीत असून त्याने तो मार्ग घेतला. दुसरा झेपणारा नव्हता.

उरलं सगळ्यात मोठं, एक लाख नव्वद हजारांचं. तोवर तो साताऱ्यातच एका छापखान्यात मांडणीचं काम करू लागला होता, झोप सुधारली होती, कार्डं ब्लॉक होती. तेव्हा मी पोस्टातली एक लहान ठेव मोडली. ज्येष्ठ नागरिक योजनेला हात लावला नाही. ते माझं म्हातारपण आहे, आणि उद्या माझ्या औषधपाण्याचा भार त्याच्यावर पडला तर तो पुन्हा कार्डाकडेच वळेल. पैसे बँकेत भरले त्याच दिवशी त्याने कार्ड बंद करायचा अर्ज दिला. सगळं देणं चुकतं असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये दंड बँकेला. ते वेळेत झालं.

माझ्या पैशांचं आम्ही साध्या कागदावर लिहून सह्या केल्या: महिन्याला पाच हजार, बिनव्याजी. कागद बघून दादा म्हणाला, पोटच्या पोराशी लिखापढी करतेस? पण मुलालाच तो कागद हवा होता. एक तारखेला तो पाच हजार माझ्या खात्यात टाकतो आणि मला सांगतो. एका महिन्यात तीनच जमले, तेही त्याने आधी सांगितलं. पूर्वी याच गोष्टी तो महिनोन्‌महिने लपवायचा.

दोन कार्डांचे हप्ते अजून चालू आहेत. मध्यंतरी त्याने वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट अहवाल काढला, तर सेटल झालेल्या कार्डावर अजून थकबाकी दिसत होती. पूर्वीचा असता तर फोन उलटा ठेवून झोपला असता. या वेळी बँकेचं पत्र जोडून त्याने दुरुस्तीची तक्रार टाकली आणि तीस दिवसांच्या पुढे गेलं तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, हे मलाच शिकवलं. अहवाल अजून दुरुस्त होऊन आलेला नाही.