नाक टेकलेलं विमान

बंगळूरमध्ये विमानांची हौस असलेल्या माणसाला दिवस पुरत नाही. जुन्या विमानतळ रस्त्यावर एचएएलचं संग्रहालय आहे, येलहंक्याला एअरो इंडिया भरतो, जक्कूरवर शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालतात. मला हा नाद शाळेपासूनचा. त्यामुळे ओळखीतले लोक जुने फोटो घेऊन येतात. बहुतेक वेळा पुष्पक किंवा एचटी-2 निघतं आणि लगेच सांगता येतं.

आमच्या शेजारच्या काकूंनी दाखवलेला फोटो मात्र वेगळा होता. काका एनएएलमध्ये, म्हणजे बंगळूरच्या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेत, तंत्रज्ञ होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. फोटोत ते हसत उभे आहेत आणि बाजूला एक छोटं पांढरं विमान, नाक जमिनीला टेकलेलं, मागचा भाग वर. "अपघातच झालेला दिसतोय," काकू म्हणाल्या, "पण मग हे हसतायत कशाला?"

विमानाला शेपूट नव्हतं. नाकाजवळ छोटा आडवा पंख, मोठे पंख मागे, त्यांच्या टोकांना उभी पाती आणि इंजिन पार पाठीमागे. ही घडण अमेरिकेतल्या बर्ट रुतान यांची. घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या हौशी लोकांना ते आराखडे विकत. पण त्यांची विमानंही अनेक. क्विकी असतं तर इंजिन पुढे आणि चाकं पुढच्या पंखाच्या टोकांना दिसली असती. उरली दोन: 1975 मध्ये उडालेलं व्हॅरीईझी आणि 1979 चं लाँग-ईझी. दोन्ही इतकी सारखी की मी भिंग घेऊन बसलो. व्हॅरीईझीचे पंख आखूड, दोन्ही टोकं धरून पावणेसात मीटरच्या आसपास; लाँग-ईझीचे आठ मीटर. काकांची उंची काकूंना ठाऊक होती, तिच्यावरून अंदाज बांधला. शिवाय पंख जिथे धडाला मिळतात तिथला इंधनाच्या टाकीचा भाग चांगला रुंद होता, पार मागच्या आसनाच्या बाजूपर्यंत आलेला. ही लाँग-ईझीची खूण.

आणि बंगळूरमधलं, तेही एनएएलच्या माणसाजवळ उभं असलेलं लाँग-ईझी म्हणजे एलसीआरए, लाइट कॅनार्ड रिसर्च एअरक्राफ्ट. 1980 च्या दशकात एनएएलने रुतान यांच्याच आराखड्यांवरून हे प्रायोगिक विमान बांधलं. एका सरकारी प्रयोगशाळेने हौशी लोकांसाठीचे आराखडे हाती घ्यावेत, याचं मला फार कौतुक वाटतं. नवं तंत्र शिकायचं तर ते हातानेच शिकावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

नाक टेकण्याचं कारण साधं आहे. सगळं वजन मागे. वैमानिक आत नसताना विमान तीन चाकांवर ठेवलं तर ते मागे, पंख्यावर बसायचं. म्हणून पुढचं चाक आत घेऊन विमान नाकावर टेकवून ठेवतात. ही त्याची उभं राहण्याचीच पद्धत.

"म्हणजे काही झालं नव्हतं," काकू म्हणाल्या आणि फोटो पुन्हा हातात घेतला. मग त्यांनी विचारलं, यात ह्यांचं काम काय असेल? मी सांगितलं, या विमानाला पत्रा नसतो. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचे, त्यांवर काचतंतूंचं कापड अंथरायचं, इपॉक्सी ओतून ते भिजवायचं, हवेचा एकही बुडबुडा आत राहू न देता दाबत न्यायचं. वाळलं की घासायचं, पुन्हा घासायचं.

"घासायचं?" काकूंनी मला थांबवलं. "तरीच! घरी आले की कोपरापर्यंत खाज सुटलेली असायची. ह्यांचे शर्ट मी वेगळे धुवायची, नाहीतर पोरांच्या कपड्यांत ती कुसळं जायची. विचारलं तर म्हणायचे, काचेची धूळ आहे. मला वाटायचं, हे खिडक्या बसवतात की काय!"

मी त्यांना हंसाबद्दलही सांगितलं. तंतू आणि इपॉक्सी यांपासूनच बांधलेलं एनएएलचं हे दोन आसनी विमान 1993 मध्ये उडालं.

"त्र्याण्णवला हे नोकरीतच होते," काकू म्हणाल्या. "ट्रंकेत अजून दोन पाकिटं आहेत फोटोंची. रविवारी ये, आणि ते भिंग घेऊन ये."