वाळूतले जग

हेन्री लोवेनफेल्ड हे मूळचे पोलंडचे, लंडनमध्ये स्थिरावलेले व्यापारी. मद्यार्करहित बिअरच्या धंद्यात त्यांनी मोठी मिळकत केली. १९०१ साली उभे राहिलेले तेथील अपोलो नाट्यगृहही त्यांचेच. घरात कशाची वाण नव्हती. परंतु आईवडील विभक्त झाले आणि धाकटी मुलगी मार्गारेट आजारपणात, एकटेपणात वाढली. सारे काही पुरविले तरी मूल आतल्या आत का धुमसते, असा प्रश्न ज्या घरांना पडतो, त्यांनी या मुलीचे पुढील आयुष्य अवश्य पाहावे.

मार्गारेट डॉक्टर झाल्या. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये काम करताना त्यांनी युद्धाने होरपळलेली मुले पाहिली. सारखेच हाल सोसून काही मुले सावरतात, काही मिटून जातात. असे का, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९२८ साली त्यांनी लंडनमध्ये घाबऱ्या व हट्टी मुलांसाठी चिकित्सालय उघडले.

अशा मुलाला समोर बसवून "असे का वागतोस?" म्हणून विचारावे, तर त्याच्यापाशी उत्तर नसते. शब्दच नसतात. एच. जी. वेल्स यांनी १९११ सालच्या एका पुस्तकात आपल्या दोन मुलांसह जमिनीवर मांडलेल्या खेळांचे वर्णन केले होते. मार्गारेट यांना ते आठवले. चिमुकली माणसे, घरे, झाडे, प्राणी, वाहने त्यांनी जमविली. जवळच पत्र्याच्या उथळ तबकांत वाळू व पाणी ठेवले. ती खेळणी वाळूत मांडण्याची कल्पना मात्र मुलांचीच, आणि त्या मांडणीला 'जग' हे नावही त्यांचेच.

एखादे मूल घर वाळूत पुरी, एखादे एकट्या प्राण्याभोवती कुंपणावर कुंपण घाली. कोणी रागावत नसे. त्याच शहरात मेलनी क्लाइन मुलाच्या खेळाचा अर्थ त्याला तेथल्या तेथे उलगडून सांगत. लोवेनफेल्ड यांना ती घाई मान्य नव्हती. मूल काय दाखवीत आहे, ते आधी नीट पाहावे, असा त्यांचा आग्रह.

संध्याकाळी रोजमेळ जुळविणाऱ्या बापाला हे संथ वाटणारच. "फी भरली, फरक किती पडला?" किंवा "दुकानावर बसवा, आपोआप सुधारेल," असे तो म्हणतो. मुलाने तासभर नुसती वाळू चाळली, तर त्याला तो तास बुडीत खात्यात गेल्यासारखा वाटतो. लोवेनफेल्ड यांच्याकडे मुलांनी मांडलेल्या जगांची रेखाटने काढून ठेवीत, आणि पुढच्या खेपेस मूल आले की तबक पुन्हा त्याच्या स्वाधीन होई.