दोन देशांची दोस्ती आणि दोन एकर मोसंबी

परवा आमच्या कुंभार पिंपळगावातले एक ओळखीचे काका घरी आले. हातात एजंटानं दिलेलं रंगीत पत्रक, त्यावर आपला अन् किर्गिझस्तानचा झेंडा. पोरगी नीट पास झाली, पण सरकारी कॉलेजला लागेल एवढे मार्क नाहीत. जालन्यात २०२४ पासून सरकारी मेडिकल सुरू झालंय, पण जागा १००. खाजगीची फी झेपत नाही.

"एजंट म्हणतो, दोन्ही देशांचं लई चांगलं हाय, काळजी नाही. दोन एकर मोसंबी विकायला काढलीय, सर."

मी लगेच हो म्हणालो नाही. कारण २०२२ मध्ये मीच चुकलो होतो. युक्रेनमधून 'ऑपरेशन गंगा'ची विमानं येत होती. चार केंद्रीय मंत्री हंगेरी, रोमानिया, पोलंड, स्लोव्हाकियाला जाऊन थांबले होते. मी पारावर छातीठोक सांगितलं, "पोरं घरी आली, आता सगळं नीट होईल."

हजारो पोरं घरी आली, हे खरंच मोठं काम. खारकीवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मात्र गेला. अन् आलेल्यांच्या शिक्षणाचं काय? इथल्या कॉलेजांत त्यांना घेण्याची नियमात सोय नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं तिसऱ्या देशात जाऊन शिकायला मुभा दिली, पदवी मात्र मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच. तेव्हा कळलं, देशांची दोस्ती पोराला घरी आणू शकते. डॉक्टर करत नाही.

डॉक्टर व्हायचं तर आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम बघावे लागतात. काकांना कागदावर लिहून दिले:

१. शिक्षण किमान ५४ महिन्यांचं, तेही इंग्रजीतून.
२. त्यानंतर १२ महिने इंटर्नशिप, त्याच परदेशी संस्थेत.
३. त्या देशात तिथल्या नागरिकासारखाच डॉक्टरकीचा परवाना मिळायला हवा.
४. परत आल्यावर इथली परीक्षा. ३०० पैकी १५० मार्क लागतात, अन् बसणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त बहुतेक वेळा नापास होतात.
५. मग इथंही इंटर्नशिप.

पत्रकावर झेंडे दोन होते, यातला नियम एकही नव्हता. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या दूतावासानं पोरांना खोलीबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. तेही त्यात नव्हतं.

परदेशात शिकू नये असं माझं म्हणणं नाही. तिथं शिकून आलेले चांगले डॉक्टर आपल्याकडंही आहेत. पण या पाच गोष्टी विद्यापीठाकडून लेखी घ्या, आयोगाच्या नियमांशी ताडून बघा, दूतावासाला मेल टाका. मगच पैसे भरा.

काका म्हणाले, "एजंटाला हेच इचारतो. लिहून दिलं तर बघू."

मोसंबीचा सौदा सध्या थांबलाय. तुमच्या ओळखीत कुणी पाठवायच्या तयारीत असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.