शिळ्या पोळीची वाटणी

कचऱ्याचा अभिमान बाळगणारे लोक आम्ही इंदूरकर! बाहेरगावच्या पाहुण्यांस याचे मोठे नवल वाटते. परंतु २०१७ पासून २०२३ पर्यंत स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आमचे नगर दरवर्षी पहिले आले, हे काही थोडे नव्हे. सकाळी कचरागाडी गल्लीत आली, की ओला व सुका कचरा तीत निरनिराळा पडतो. ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा कारखाना २०२२ साली येथे सुरू झाला. रोज ५५० टन कचरा पचविण्याची त्याची शक्ती आहे. व्यवस्था उत्तमच. मात्र त्या ओल्या डब्यात सालींबरोबर अख्ख्या पोळ्या दिसल्या, की आम्हांस वाटते, पोळीचा वायू करण्यापेक्षा ती खाल्लेली काय वाईट?

भारतातील घरांतून साली-देठांसह माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाचा अंदाज आहे. पूर्वीच्या घरांत असे होत नसे, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ते खरेही आहे; पण का होत नसे, हे फारसे कोणी सांगत नाही. रात्रीचे उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी घरातील बायका सर्वांच्या मागून निमूटपणे संपवीत. आमच्या आजीच्या वाट्याला ताजी पोळी कितीदा आली असेल, देव जाणे! तेव्हा जुनी काटकसर परत आणावयाची, तर तिचा भार एकट्या आईवर पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आमच्या घरी उरलेल्या पोळ्या सर्वांच्या पानांत सारख्या वाटल्या जातात. वडिलांचे पानही त्यातून सुटत नाही. कधी त्यांचा कुस्करा होतो, कधी गूळतूप घालून लाडू. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते, आंबट दह्याची कढी. भाताच्या बाबतीत मात्र हयगय नको. शिजवूनही न मरणारे काही जंतू त्यात राहतात, उबेत वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा तापवूनही जाईलच असे नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात लवकर निववून दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला फोडणी देणे ही काटकसर नव्हे.

या वाटणीचा एक परिणाम आम्ही योजिला नव्हता. पूर्वी "किती पोळ्या लाटू?" या आईच्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नसे. आता कणीक मळण्यापूर्वी वडील स्वतःच प्रत्येकाला त्याची भूक विचारून आकडा सांगतात, आणि बाहेर जेवावयाचे असल्यास सकाळीच कळवितात. पोळ्या क्वचितच उरतात.

धाकट्या बंधुराजांना मात्र फोडणीची पोळी इतकी प्रिय, की ते रात्री चार पोळ्यांची भूक सांगून दोनच खातात. त्यावर उपाय अद्याप सापडलेला नाही.